मागचं अंतर

“त्या मुलीला विचारून काय उपयोग? बोर्डवाली ना? ती बोलत नाही.”

शर्यतीच्या गाड्या उभ्या असतात त्या पॅडॉकमध्ये, चहाच्या व्हॅनपुढे रांग होती. माझ्या पुढचे दोघे आयोजकांपैकी होते, गळ्यात ओळखपत्रं, हातात कागद. दुसरा म्हणाला, “बोलायची की. नंदाशी बोलायची.” व्हॅनमधल्या बाईने साखर किती म्हणून विचारलं, तेव्हा पहिल्याला उत्तर द्यायला जरा वेळ लागला.

मी त्यांच्या मागेच उभी होते, आत्या. तुझा पिवळा रेनकोट घालून, टोपी कपाळापर्यंत ओढून. चहा न घेताच रांगेतून बाहेर पडले.

त्यांना काय विचारायचं होतं ते मला माहीत होतं. तुला जाऊन तीन आठवडे झाले होते आणि मोसमातली शेवटची शर्यत आली होती. जुन्या टूरिंग गाड्यांची शर्यत सुरू होण्याआधी तुझी निळी मस्टँग एकटीने, सावकाश, एक फेरी मारेल आणि सगळे टाळ्या वाजवतील, असं ठरलं होतं. त्यानंतर ती उत्तरेकडच्या एका संग्राहकाकडे जाणार होती. त्याच्याकडे म्हणे गाड्या उभ्या करण्यासाठी गालिचा घातलेला हॉल आहे. डेव्हिडकाकांनी दोन्हींना हो म्हटलं होतं. तू गेल्यापासून ते सगळ्यांनाच हो म्हणतात. शेजारीण तिसऱ्यांदा लझान्या घेऊन आली, तिलाही हो.

प्रश्न एवढाच होता की त्या फेरीला गाडीत बसणार कोण. सीट तुझ्या उंचीसाठी अगदी पुढे घेऊन बोल्ट केलेली, आणि काका तिला कुणाला हात लावू देत नव्हते. त्या सीटमध्ये गुडघे हनुवटीला न लावता मावेल असं पूर्ण पॅडॉकमध्ये एकच माणूस होतं. ते चहा न घेता रांगेतून निघालं होतं.

तू कुठे शिकलीस, इथे कधी आलीस, कौन्सिलमध्ये किती वर्षं होतीस, हे सगळं इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर येऊन गेलं. त्यात तुला ‘हौशी वाहनप्रेमी’ म्हटलंय. वाचलं असतंस तर हसता हसता ठसका लागला असता तुला. मला त्यातलं काही पुन्हा लिहायचं नाही. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय, ते मला पुरं करायचंय. आणि ते मराठीतच करायला हवं, कारण सुरू मराठीत झालं होतं.

मला पुण्याहून बेसिंगस्टोकला नोकरी लागली तेव्हा बाबांनी बजावलं होतं, “नंदाकडे राहा, पण तिच्या नादी लागू नकोस.” नाद कसला ते त्यांनी सांगितलं नाही. आपल्या घरात तुझ्या गाडीबद्दल कुणी सरळ बोलतच नसे. नंदाला ड्रायव्हिंगची आवड आहे, एवढंच. जणू तू रविवारी कुणाला तरी स्टेशनवर सोडायला जातेस.

पहिल्याच शनिवारी तू गॅरेजचा दरवाजा वर केलास. आत ती होती. पासष्ट सालची, अमेरिकेत जन्मलेली, स्टिअरिंग डावीकडे, आणि इथल्या गल्ल्यांच्या मानाने अंगाने जरा जास्तच. डाव्या दारावर पोचा, तू मुद्दाम न काढलेला. तू आत बसून किल्ली फिरवलीस. तो आवाज मला कानांत ऐकू आला नाही, बरगड्यांत आला.

“कशी आहे?” इंजिन बंद करून तू विचारलंस.

“लाउड आहे.”

“लाउड आहे म्हणे! अगं, आठ सिलिंडर आहेत, ती काय कुजबुजणार? उद्या येतेस शर्यतीला?”

“बघू.”

“हे बघ मनू, पुण्याच्या माणसाने ‘बघू’ म्हटलं की त्याचा अर्थ ‘नाही’ असतो. मीही तिथलीच आहे. हो म्हण, नाहीतर नाही म्हण.”

मी दोन्ही म्हटलं नाही. सकाळी मुकाट्याने तुझ्या व्हॅनमध्ये जाऊन बसले, मागे ट्रेलरवर गाडी. तू त्यालाच हो समजलीस आणि माझ्या मांडीवर थालीपिठांचा डबा ठेवलास.

या शर्यतींत गाडीत रेडिओ नसतो. म्हणून दर फेरीला गाडी ट्रॅकच्या कडेच्या पिट्ससमोरून जाताना भिंतीमागून एक माणूस बोर्ड बाहेर धरतो. पुढची गाडी किती सेकंद पुढे आहे, किती फेऱ्या उरल्या आहेत, एवढंच त्यावर असतं, आणि ते वाचायला ड्रायव्हरला डोळा लवेल एवढाच वेळ मिळतो. माझ्याआधी हे काम काका करायचे. पण ते घड्याळाऐवजी तुझ्याकडेच बघत राहायचे आणि बोर्ड तू निघून गेल्यावर बाहेर यायचा.

तू ते मला दिलंस, कारण त्यात बोलावं लागत नाही. असं तू कधी म्हणाली नाहीस. पण ऑफिसातल्या मीटिंगमध्ये मी कॅमेरा बंद ठेवून चॅटमध्ये टाइप करते, हे मी तुला सांगितलं होतं, आणि त्याच आठवड्यात बोर्ड माझ्या हातात आला.

त्यावरचे आकडे देवनागरी होते. पिवळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, तू स्वतः कापलेल्या आणि रंगवलेल्या. भिंतीशी उभे असलेले बाकीचे लोकही एकमेकांचे बोर्ड वाचतात. त्यांना आपला कळू नये म्हणून ही युक्ती. पहिल्या दिवशी सहा आणि नऊपाशी मीच अडखळले.

“शाळेत काय शिकवलं गं तुला? फ्रेंच?”

“जर्मन.”

“मग काय, इथे अगदी उपयोगी.”

पण खरी फजिती ग्रॅहमची झाली. साठी उलटलेला, दारातून येताना वाकणारा ग्रॅहम, आणि त्याची ती एवढीशी लाल गाडी, जिला तू काड्यापेटी म्हणायचीस. तो त्यात बसतो तेव्हा कुणीतरी त्याची घडी घातल्यासारखा दिसतो. सरळ रस्त्यावर तू त्याला मागे टाकायचीस आणि वळणावर तो पुन्हा तुझ्या बंपरला येऊन चिकटायचा. किती वर्षं तुमचं हे चाललं होतं, देव जाणे. तर आपला ४ त्याचा बोर्ड धरणाऱ्या त्याच्या बायकोला इंग्रजी आठ वाटला. नंदाच्या पुढची गाडी आठ सेकंद लांब आहे, म्हणजे ती आता कशाला जोर लावेल, असं समजून ग्रॅहम निवांत राहिला. अंतर चारच होतं, आणि तू जोर लावलास. शर्यत संपल्यावर तो आपल्या तंबूपाशी आला.

“नंदा, तुमच्यात आठाला चार म्हणतात का?”

“नाही रे ग्रॅहम, आमच्यात चाराला चारच म्हणतात. तुमच्यात काय ते तुम्ही बघा. हे घे, थालीपीठ खा.”

इंजिनवर फॉइलमध्ये गरम केलेलं ते थालीपीठ त्याने उभ्याउभ्या संपवलं आणि आणखी एक मागितलं. तू त्याला कायम ‘अरे ग्रॅहम’ म्हणायचीस. बाबांहून मोठा असूनही माझ्या डोक्यात तो म्हणूनच ‘अरे’ राहिला आहे.

आकड्यांखेरीज एक नियम होता. मागच्या गाडीचं अंतर बोर्डवर कधीच लिहायचं नाही.

बाकीच्या ड्रायव्हरांना ते हवं असतं. समोरून जाताना ते स्टिअरिंगवरून एक हात उचलतात आणि अंगठा खांद्यावरून मागे दाखवतात. म्हणजे मागे कोण आहे, किती जवळ आहे, ते पुढच्या फेरीला दाखव. तू कधीच तसा अंगठा दाखवला नाहीस. “मला मागचं सांगू नकोस मनू. मी मागे बघायला लागले की माझी गाडीही मागे बघते.”

तुला आठवत असेल, मे महिन्यातली ती शर्यत, जुन्या विमानतळावरच्या त्या उघड्या सर्किटवर. वारा इतका की बोर्ड दोन्ही हातांनी धरावा लागत होता. तू तिसरी होतीस. तुझ्या मागे ग्रॅहम, दर फेरीला थोडा थोडा जवळ. एवढी जड गाडी थांबवून थांबवून तुझे ब्रेक तापले होते; वळणाआधी तू आता लवकर वेग कमी करत होतीस, हे मला भिंतीवरून दिसत होतं. त्यालाही दिसत असणार. माझ्या हातात घड्याळ होतं आणि बोर्डवर पुढच्याचं अंतर. मी नियम पाळला. शेवटच्या फेरीत, शेवटून दुसऱ्या वळणावर, तो आतल्या बाजूने निघून गेला.

परतीच्या रस्त्यावर मीच सुरुवात केली.

“मला दिसत होतं.”

“काय?”

“तो येतोय ते. मी लिहू शकले असते.”

“मग मी काय केलं असतं?”

“तयारी.”

“तयारी नाही गं. मी आरशात बघत बसले असते. तो दोन फेऱ्या आधीच गेला असता.”

“पण तुला माहीत तरी असतं.”

“माहीत असून करायचं काय?”

“काही करायचं नसलं तरी माहीत असायला हवं. हक्क असतो माणसाचा.”

तू रस्त्यावरची नजर काढून क्षणभर माझ्याकडे बघितलंस. “अरे वा! भांडता येतं की तुला. मला वाटलं होतं घराण्यातला हा गुण माझ्यापाशीच संपणार.” मग थोड्या वेळाने, इंडिकेटर देता देता, म्हणालीस, “ज्याला जाणून घ्यायचं असेल तो विचारेल ना. न विचारता सांगायचं नाही, एवढंच.” आणि चिप्स खायला व्हॅन हायवेवरच्या सर्व्हिसेसमध्ये वळवलीस. भांडण तिथेच राहिलं. चिप्सवर व्हिनेगर जास्त पडलं होतं.

दुसरं भांडण त्याहून जुनं. तुला वाटायचं की मी त्या भिंतीमागे लपते. एका संध्याकाळी तू मला धरून सीटमध्ये बसवलंस आणि टाळी वाजवलीस. “बघा डेव्हिड, हिच्यासाठीच बनवल्यासारखी! आमच्या घरातल्या बायकांचे पाय सगळे एकाच मापाचे आखूड.” मग दर दोन-तीन आठवड्यांनी तुझं सुरू व्हायचं. मनू, एक दिवस चालव. रिकाम्या ट्रॅकवर. कुणी बघणार नाही. मी दरवेळी बघू म्हणायचे. त्या ‘बघू’चा अर्थ तुला पहिल्या दिवसापासून माहीत होता, तरी तू विचारत राहिलीस. मला त्याचा राग यायचा. आता वाटतं, माझ्याकडून सरळ ‘नाही’ ऐकण्यासाठीच विचारत असशील. तेही मी दिलं नाही.

कारण ‘नाही’च्या पुढे जे सांगायचं होतं त्याला मला शब्द सापडत नव्हते. मी लपत नव्हते, आत्या. भिंतीवरून मला सगळं दिसायचं. ब्रेक लावल्यावर गाडीचं नाक कसं खाली जातं, कोणत्या फेरीपासून तुझा खांदा दुखायला लागतो, तू ग्रॅहमवर चिडून चालवतेस की मजेत. दोन तासांच्या मीटिंगमध्ये मला जे कुणाला सांगता येत नाही ते मी दोन आकड्यांत तुला सांगत होते, आणि तू ताशी शंभर मैलांनी जाताना ते वाचत होतीस. माझं म्हणणं इतक्या लक्षपूर्वक दुसऱ्या कुणी ऐकलं नाही.

मागच्या वर्षी मंडळाच्या गणपतीत एका बाईंनी तुला गाठलं होतं, हातात प्रसादाचा द्रोण.

“नंदाताई, अजून चालवता ती गाडी? आता वयाकडे बघायला नको का?”

“वय तिचं माझ्याइतकंच आहे. तिची काही तक्रार नाही.”

“तसं नाही हो, पण काही झालं म्हणजे?”

“झालं म्हणजे बघू,” तू म्हणालीस आणि माझ्याकडे बघून डोळा मारलास. मी मोदकात तोंड लपवलं.

झालं ते गाडीत झालं नाही. जूनमध्ये तुझं पोट दुखायला लागलं, मग तपासण्या, मग त्या हळू आवाजाच्या डॉक्टरबाई. त्यांनी तुला विचारलं, किती जाणून घ्यायला आवडेल तुम्हाला? तू म्हणालीस, “उपचार काय करायचे ते मला सांगा. बाकीचं या माझ्या भाचीला सांगा. तिला सवय आहे.” आणि नर्सबरोबर खिडकीजवळ जाऊन तिच्या कुत्र्याचे फोटो बघत बसलीस.

बाजूच्या खोलीत डॉक्टरबाई आकडा बोलल्याच नाहीत. ऋतूचं नाव बोलल्या. काकांनी माझा हात धरला होता आणि ते त्यांना माहीतही नव्हतं.

त्या दिवसापासून मला मागचं अंतर माहीत होतं. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. आपण पुढच्याबद्दल बोलायचो. उद्याची ब्लड टेस्ट, परवाची मऊ खिचडी, काकांनी गाडीचं ऑइल बदललं की नुसतंच बदललं म्हणतात.

मग ऑगस्टमधली ती दुपार. मागच्या अंगणात तू खुर्चीत, पायांवर शाल. समोर झेंडूचा वाफा, दसऱ्याच्या हारासाठी तू मे महिन्यात लावलेला. मी वाळकी पानं खुडत होते. तुझ्या पाठीमागे गॅरेजमध्ये काका रेडिओ लावून गाडीपाशी काहीतरी करत होते. तू म्हणालीस, “मनू, बोर्डवर काय आहे गं?”

मी वर बघितलं. तुझा हात शालीबाहेर आला होता आणि अंगठा खांद्यावरून मागे वळला होता.

मी म्हटलं, “चहा ठेवू?”

तू थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिलीस. मग हसलीस. “ठेव. आलं घाल भरपूर.”

मी आत गेले. आलं किसलं, गरजेपेक्षा जास्त. चहा गरजेपेक्षा जास्त वेळ उकळू दिला. बाहेर आले तेव्हा तुझे डोळे मिटलेले होते आणि ऊन वाफ्यावरून तुझ्या पायांवर आलं होतं. त्यानंतर तू पुन्हा विचारलं नाहीस.

कदाचित ती थट्टा असेल. कदाचित अंगठा गॅरेजकडे असेल, रेडिओ जरा हळू करायला सांग म्हणून. मी त्याला माझी चूक म्हणत नाही. मागचं लिहायचं नाही हा नियम तूच केला होतास आणि मी तो नीट पाळला. पण नियमाचा उरलेला अर्धा भागही तुझाच होता, व्हॅनमध्ये इंडिकेटर देता देता सांगितलेला. ज्याला जाणून घ्यायचं असेल तो विचारेल. मग तू विचारलंस का, आत्या? मला आजही कळलेलं नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, आता कळून करायचं काय. आणि मी म्हटलं असतं, काही करायचं नसलं तरी.

इथपर्यंत आपलं भांडण आलं होतं, जेव्हा मी चहाच्या रांगेतून निघून आपल्या तंबूपाशी पोचले.

झेंडू फुलला होता, आत्या. तू नेमक्या हिशेबाने लावला होतास. हार आदल्या दिवशी काकांनी आणि मी मिळून ओवला. काकांनी तीन वेळा सुई टोचून घेतली. दसरा त्याच वीकेंडला होता, म्हणून सकाळी मी तुझ्यासारखंच सगळं केलं. बॉनेटवर हळदकुंकू, टायरपाशी नारळ, आणि आपटा नाही म्हणून ऑफिसच्या पार्किंगमधल्या गिंकोची पानं, मधोमध तशीच चिरलेली. गाड्या तपासणारा तो लालसर मिशांचा माणूस आला. दरवर्षी तो तुला विचारायचा, “हे शर्यतीआधी काढणार ना, लव्ह?” यंदा त्याने हाराकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. मी त्याच्या हातात एक पान ठेवलं. त्याने ते खिशात ठेवलं.

काका घडीच्या खुर्चीत गाडीशेजारी बसले होते. बाजूला ग्रॅहम उभा होता, हात खिशात. त्याच्या काड्यापेटीचा गिअरबॉक्स आदल्या दिवशीच्या सरावात गेला होता, त्यामुळे त्याला काही कामच नव्हतं.

“आज थालीपीठ नाही वाटतं,” तो म्हणाला. कुणी हसलं नाही. मग काका थोडे हसले.

तेवढ्यात ते दोघे आयोजक आले, कागद घेऊन. त्यांनी काकांना विचारलं. माझ्याकडे बघून विचारलं नाही.

“मनू,” काका म्हणाले, “तू बसशील ना? एकच फेरी. दुसऱ्या गिअरच्या वर जायचंच नाही. तू बसलीस तर सीट हलवावी लागणार नाही.”

शेवटचं वाक्य त्यांनी गाडीकडे बघून म्हटलं. मी दारातून आत बघितलं. सीटची बाहेरची कड घासली होती, तू दरवेळी एकाच बाजूने सरकून बसायचीस तिथे. आतला फोम तुझ्या पाठीएवढाच दबला होता. काकांना काय म्हणायचं होतं ते मला कळत होतं. ती सीट हलली की त्या गाडीत तुझ्या मापाचं काही राहणार नव्हतं. मी एक फेरी सावकाश मारली असती, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या, आणि मग ती सीट तशीच, तुझ्या मापाची, गालिच्यावर कायम उभी राहिली असती.

एका गेलेल्या ड्रायव्हरची गाडी अशीच फिरवली होती, तेव्हा तू माझ्या शेजारी उभी होतीस. “फुलं घालून सावकाश मिरवायला ती काय वरातीतली घोडी आहे?” असं तू तेव्हा म्हणालीस, आणि नंतर, जरा हळू, “उभी राहिली की गाडी आतून सुकते गं. रबरं तडकतात. चाललीच पाहिजे.”

“सीट मागे घ्या,” मी म्हटलं.

काकांना वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. “काय?”

“सीट मागे घ्या, काका. ग्रॅहमला बसता येईल एवढी. गाडी परेडला जाणार नाही, शर्यतीला जाईल. ग्रॅहम चालवेल. बोर्ड मी धरेन.”

आयोजकांपैकी एक दुसऱ्याला पुटपुटला, “बोलते की.” मग मोठ्याने म्हणाला, “ड्रायव्हर बदलायचा म्हणजे नियमात बसतं का ते बघावं लागेल.”

“बघा,” मी म्हटलं. माझा ‘बघा’ तुला आवडला असता. त्याचा अर्थ ‘नाही’ नव्हता.

ते गेले. शेजारच्या तंबूत कुणीतरी टायर ठोकत होतं.

“तिची फार इच्छा होती तू चालवावीस,” काका म्हणाले.

“माहितेय मला.”

“तुला नाही चालवायची?”

“नाही, काका. कधीच नव्हती. मला ती बघायची असते.”

हे तुला सांगायचं होतं. तुझ्याऐवजी त्यांना सांगितलं. ते मान हलवत राहिले, जणू कुणीतरी त्यांना एखादा पत्ता समजावून सांगत होतं. मग उठले आणि व्हॅनमधून पाना घेऊन आले. ग्रॅहम मदतीला वाकला, तर त्यांनी त्याला हाताने थांबवलं. चारही बोल्ट त्यांनी स्वतः काढले. शेवटचा अडकला होता, त्याला वेळ लागला. सीट मागे सरकली तेव्हा खाली मागच्या वर्षीच्या झेंडूच्या वाळक्या पाकळ्या होत्या. काकांनी त्या झाडल्या नाहीत. सीट नव्या जागी बसवली, बोल्ट घट्ट केले, पाना पुसला आणि म्हणाले, “उत्तरेकडच्या त्या माणसाला उद्या फोन करायला हवा.” काय सांगणार ते म्हणाले नाहीत. मी विचारलं नाही.

परवानगी मिळाली. अट एकच, ग्रॅहमने सगळ्यांच्या शेवटून सुरुवात करायची. मी हार काढला आणि ट्रेलरवर उभ्या असलेल्या काड्यापेटीच्या आरशांवर टाकला; तिला दोनदा गुंडाळावा लागला.

ग्रॅहम आत बसला. पहिल्यांदाच मी त्याला एखाद्या गाडीत पाय लांब करून बसलेलं पाहिलं. पट्टे आवळून झाल्यावर त्याने मला खुणेने खिडकीपाशी बोलावलं.

“माझ्यासाठी इंग्रजी आकडे काढू नकोस. तुमचे येतात मला आता. शिकावेच लागले, नाहीतर तिचं काय चाललंय ते कळायचंच नाही.” मग थांबून म्हणाला, “आणि तिचा तो नियम, तोही माहितेय. सुरुवातीला माझ्या मागे कुणी नसेल. पण नंतर असतील. आणि मला जाणून घ्यावंसं वाटलं तर?”

त्याने हातमोज्यातला अंगठा उचलला आणि खांद्यावरून मागे दाखवला.

मी उत्तर देणार तेवढ्यात मार्शलने हात हलवला आणि त्याने किल्ली फिरवली. तोच आवाज, आत्या, बरगड्यांतला. त्यात माझा नेहमीचा आवाज माझा मलाही ऐकू आला नसता. ग्रॅहम अजून माझ्याकडेच बघत होता, अंगठा तसाच. मी खिडकीत वाकले, त्याच्या हेल्मेटच्या अगदी जवळ, आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडून सांगितलं,

“विचारलंस तर सांगेन!”